बिरप्पाच्या घराखालचे पेव

बिरप्पाबद्दल मी लिहावे इतका माझा त्याच्याशी संबंध नव्हता. सहा वर्षे मी त्याला ओळखत होतो, पण ओळखत होतो म्हणजे काय, असे कोणी विचारले तर नीट सांगता येणार नाही. त्याचे गाव मंगळवेढ्याकडचे होते. गावाचे नाव मी एकदा ऐकले आणि विसरलो. नोंदवहीत त्याचे वय मी पस्तीस लिहिले, कारण तो म्हणाला, "लिवा काय बी." तो घरात कसा वागायचा, बायकोशी काय बोलायचा, कशाला भ्यायचा, हे मला माहीत नाही. आता सोलापुरात त्याला ओळखणारे माझ्याखेरीज कोणी उरले असेल असे वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिण्याची सवय नाही. मागेपुढे झाले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

मी तेव्हा गरीब गृहसाह्य मंडळात कारकून होतो. साल एकोणीसशे बावीस. गिरणीत काम करणारी माणसे एकेका खोलीत दहा-दहा राहत, आणि प्लेग आला की माळावर झोपड्या टाकत. शहरातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मिळून हे मंडळ काढले होते. शिवलिंगप्पा म्हणून सुताचे व्यापारी होते, ते चिटणीस. विजापूरच्या वाटेला, कधीकाळी उठून गेलेल्या एका गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जुनी जागा, ओसाड पडली होती. ती त्यांनी खटपट करून मंडळाला मिळवून दिली. तिथे बारा कुटुंबांची बारा घरे व्हायची होती. दगड, लाकूड आणि गवंडी मंडळाचा, अंगमेहनत कुटुंबांची. ती मेहनतही सावडीने, खेड्यात शेतावर करतात तशी: आज सगळे माझ्याकडे, उद्या सगळे तुझ्याकडे. कोणाचे घर आधी, कोणाचे नंतर, ते चिठ्ठ्या टाकून ठरले होते. बिरप्पाची चिठ्ठी अकरावी निघाली.

घर उभे राहिल्यावर पाच वर्षे त्यात नीट राहायचे, मंडळाचा कोणताही नियम मोडायचा नाही, मग मंडळ घराचा कागद त्या कुटुंबाच्या नावाने करून देणार. नियम मोडला तर घर परत. हे मी प्रत्येकाला वाचून दाखवत असे. बाकीचे मान हलवून अंगठा उठवायचे. बिरप्पाने मला ते दोनदा वाचायला लावले.

"नावावर म्हंजे माझ्या नावावर? मालकाच्या न्हाय?"

मी म्हणालो, तुम्हीच मालक.

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या चार पिढ्यांत कुणाच्या नावावर एक भिंत न्हाय, मास्तर. बापाचं घर म्हंजे घोंगडं. मेंढरं थांबतील तितं घर."

हातात लेखणी असलेल्या प्रत्येकाला तो मास्तर म्हणायचा. मी त्याला अहोजाहो करतो याची त्याला फार गंमत वाटे. "मास्तर आदी माफी मागतात आन् मग बोलत्यात," असे तो माझ्यासमोरच इतरांना सांगायचा, आणि ते खरे होते.

उंचीने तो बेताचा, खांदे मात्र रुंद. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होता, त्यामुळे भुवयांवर नेहमी पांढरी पूड. पाळी सुटली की तो तसाच सावडीच्या कामावर यायचा. दुसऱ्यांच्या दहा घरांची माती त्याने आणि त्याच्या बायकोने, राजाबाईने, वाहिली. राजाबाई कमी बोलायची. दोन मुली होत्या, त्या मातीच्या ढिगावर बसून राहायच्या.

तेविसाच्या चैत्रात त्याचा पाया खणायला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी पहार एका फरशीवर आपटून पोकळ वाजली. मातीखाली पेव होते. जुन्या गावाचे कोणाचे तरी जमिनीतले धान्याचे कोठार. तोंड माणूस उतरेल एवढे आणि खाली पोट मोठे. शहरातल्या वाचणाऱ्यांनी पाहिले नसेल म्हणून सांगतो, पेवात ज्वारी भरून, कडबा घालून, वर फरशी आणि माती लिंपून टाकली की दाणा वर्षानुवर्षे राहतो. पण बंद पेवात हवा विषारी होते. पेव उघडले की दोन दिवस तसेच ठेवायचे, वारे लागू द्यायचे, मग दोरीने कंदील तळापर्यंत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. हे मला पुस्तकातून माहीत नव्हते. बिरप्पाने त्या वेळी केले ते मी पाहिले. सगळे वाकून बघत होते, तेव्हा त्याने एकेकाला दंडाला धरून मागे ओढले आणि दोन दिवस तोंडापाशी कोणाला येऊ दिले नाही. तिसऱ्या दिवशी कंदील सोडून मग तो उतरला. आत काही नव्हते. तळाला काळी पडलेली मूठभर ज्वारी.

तो वर आला तो खुशीतच. मंडळाचा गवंडी मल्लप्पा, त्यालाही त्या बारांत शेजारचीच जागा मिळाली होती, तो म्हणाला, "तुझं नशीब फुटकं. भरायलाच महिना जाईल." बिरप्पा त्याच्याकडे वेड्याकडे बघावे तसा बघत राहिला. त्याच्या मुलखात ज्याच्या दारी पेव तो भाग्याचा. ज्वारीच्या गावात जन्मून त्याच्या बापाने कधी पायलीभर ज्वारी साठवली नव्हती. ते पेव बुजवायचे असते, हे त्याच्या मनातच येत नव्हते.

शिवलिंगप्पा दुसऱ्या दिवशी पाहायला आले. त्यांनी स्पष्ट सांगितले की पेव दगड-मुरुमाने तळापासून भरून, पाणी घालून ठोकून घट्ट करायचे, आणि त्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. ते चुकीचे बोलले असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पोकळीवर घर बांधणे कोणाला पटेल? पण सावड घर बांधण्यासाठी होती. पेव भरण्याचे दिवस सावडीत धरायचे नाहीत, असे बाकीच्यांनी ठरवले. म्हणजे ते काम नवराबायकोने एकट्याने, पाळी सुटल्यावर करायचे. पावसाळ्याला दोन महिने उरले होते. कच्च्या भिंतींवर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, पडण्याआधी पाऊस आला तर भिंती जातात. बिरप्पा म्हणाला, "भरतो की. तुमी लिवा."

पंधरा दिवसांनी मी पाहणीला गेलो. पेवाच्या जागी माती पसरून, चोपून, सारवून ठेवलेली होती. बिरप्पा तिच्यावर उभा राहिला आणि त्याने दोन उड्या मारल्या.

"बगा. हालतंय का?"

मंडळाने पेवात भरण्यासाठी टाकलेला दगडांचा ढीग पलीकडे होता तसा होता. मी तो पाहिला. विचारायला हवे होते. पण मला विचारणे जमत नाही. समोरचा माणूस खोटे बोलणार असेल तर त्याच्याऐवजी मलाच शरम वाटते. मी वहीत लिहिले, 'पेव बुजविले, पाहणी केली', आणि खाली सही केली. दगड पुढे बाराव्या घराच्या पायाला लागले.

मृगाच्या आत माळवदावर खारी माती पडली. दोन खोल्यांचे घर. पेव मागच्या खोलीत, जात्याशेजारी आले. भिंत त्याने हातभर सरकवून घेतली होती, ती पेवाच्या तोंडावरून जाऊ नये म्हणून. मल्लप्पाने विचारले तेव्हा म्हणाला, बायकोला दळायला जागा पाहिजे.

नंतरच्या वर्षांत मी महिन्यातून एकदा त्या ओळीत जायचो. बिरप्पाच्या पायरीवर बसायचो. आत कधी गेलो नाही. एकदा राजाबाईने भाकरी आणि लसणाची चटणी दिली. पहिल्या घासालाच मला वास आला. माझ्या आजोळी पेवे होती. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला जो आंबूस, मातकट वास असतो तो मी लहानपणापासून ओळखतो. मी वर पाहिले तर बिरप्पा माझ्याकडेच बघत होता. मी भाकरी संपवली आणि पाणी मागितले. त्या विषयावर आमचे बोलणे झाले ते एवढेच.

बाकीचे मला नंतर कळले. दर चैत्रात त्याचा भाऊ गाडीतून स्वस्तातली ज्वारी आणून पेवात टाकायचा. आषाढात घरातले संपले की बिरप्पा पेव उघडायचा. 'घर सारवायला काढलं' म्हणून दोन दिवस दोन्ही दारे सताड उघडी ठेवायचा, मुलींना मल्लप्पाकडे झोपायला पाठवायचा, कंदील तळाला टेकवून मग उतरायचा. वर्षाला पुरेल एवढे काढून पुन्हा फरशी, माती, शेणाचे सारवण. चार वर्षे असे चालले. त्याच्या घराची भिंत कुठे तडकली नाही. उलट बारा घरांत त्याचे घर सगळ्यांत नेटके होते. दाराच्या चौकटीला तो दर दिवाळीला तेल लावायचा. एकदा मला म्हणाला, कागद हातात आला की चौकटीवर नाव कोरून घेणार आहे, मल्लप्पाला सांगून ठेवलंय. मी विचारले, वाचता येईल का तुम्हाला? तर म्हणाला, "मला कशाला वाचाय पायजे? दुसऱ्यांनी वाचावं की."

अठ्ठाविसाच्या आषाढात पाच वर्षे पुरी होत होती. त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला. किती आठवडे चालला ते मी विसरलो, पण ओळीतल्या चुली दुपारच्या पेटेनाशा झाल्या होत्या एवढे आठवते. मंडळाच्या कमिटीपुढे प्रश्न आला की अशा दिवसांत कागद करून द्यावेत की पुढे ढकलावेत. शिवलिंगप्पांनी आग्रह धरला. ते म्हणाले, माणसांना या वेळीच काहीतरी हातात मिळायला हवे. ठरले की शनिवारी दुपारी कमिटीने सगळी घरे आतून-बाहेरून पाहावीत आणि सोमवारी कागद वाटावेत. हे ठरले शुक्रवारी सकाळी.

मला कोणी ओळीत जायला सांगितले नव्हते. मी आपणहून गेलो. बिरप्पाच्या घरात काय आहे ते मला ठाऊक होते, आणि त्याला आधी कळलेले बरे असे मला वाटले. आयुष्यात मी आपणहून केलेल्या गोष्टी थोड्या आहेत. ही त्यांतली एक. मी त्याला दारातच सांगितले आणि परत आलो.

त्यानंतर जे झाले ते राजाबाईने आणि मल्लप्पाने सांगितले तसे लिहितो. पेव त्याच दिवशी पहाटे उघडले होते. घरात चार दिवस पीठ नव्हते. दोन्ही दारे उघडी होती, आणि नेहमीप्रमाणे रविवारी उतरायचे होते. मी निघून गेल्यावर त्याने दोन्ही दारे लोटून घेतली. राजाबाई म्हणाली, झाकून टाका, पुन्हा उघडता येईल. तो म्हणाला, आता झाकून पुन्हा उघडायचे म्हणजे पुन्हा चार दिवस मुली उपाशी. आणि झाकले तरी ढगाळ हवेत सारवण वाळायला रात्र पाहिजे. उद्या ओले दिसले तर शिवलिंगप्पा काठीने टोकरून बघतील. दोन पाट्या ज्वारी काढू आणि दिवस बुडायच्या आत लिंपून घेऊ. पाच वर्षे गेली, तीन दिवसांसाठी घर घालवायचे नाही.

कंदील त्याने सोडला होता. राजाबाई तसे शपथेवर सांगत होती. पण अंधाऱ्या खोलीत, घाईत, तो तोंडाच्या खाली हातभर सोडला आणि जळतो आहे म्हणून वर घेतला. तळापर्यंत सोडला नाही. ज्या माणसाने मला ते शिकवले त्याने असे का केले, हे मला सांगता येत नाही.

तो उतरला. पहिली पाटी तिने वर ओढून घेतली. दुसरी सोडली. दोरीला हिसका बसेना. तिने हाक मारली, पुन्हा मारली, मग पदर खोचून स्वतः उतरू लागली. थोरल्या मुलीने तिच्या लुगड्याला मिठी मारून जो आरडाओरडा केला त्याने मल्लप्पा धावत आला आणि त्याने तिला मागे ओढले, म्हणून ती वाचली. मल्लप्पाने दारे उघडली, कमरेला दोरी बांधून तोंडाला ओले फडके धरून उतरला, आणि त्यालाही अर्ध्यातून बेशुद्ध वर काढावे लागले. शेवटी फासाने बिरप्पाला ओढून घेतले. तोवर त्याच्यात जीव राहिला नव्हता. मी पोहोचलो तेव्हा त्याला पुढच्या खोलीत घोंगड्यावर निजवले होते. भुवयांवर नेहमीसारखी पांढरी पूड होती. ती कापसाची नसावी, संप चालू होता. जात्याशेजारी पाटीभर ज्वारी होती, आणि धाकटी मुलगी त्यातले कच्चे दाणे खात होती. तिला कोणी हटकले नाही.

कमिटी शनिवारी घरे पाहायला आली नाही. मंगळवारी कचेरीत बसली. शिवलिंगप्पांनी माझी वही मागितली, पान काढले आणि माझी ओळ वाचून दाखवली. मग माझ्याकडे न बघता विचारले, "हे तुम्ही पाहिलं होतं?"

मी म्हणालो, "वरून पाहिलं होतं."

ते खोटे नव्हते. पण दगडांचा ढीग, भाकरीचा वास, शुक्रवारचा माझा निरोप, यांतले काहीच मी बोललो नाही. मी बोललो असतो तर दोष मंडळाच्या पाहणीचाही ठरला असता आणि कदाचित घर राजाबाईचे राहिले असते. मला नोकरीवरून काढले असते. घरी माझी आई होती, बायको होती. ही कारणे खरी आहेत, पण त्या वेळी ती माझ्या मनात नव्हती. माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही.

राजाबाईला आत बोलावले. ती उंबऱ्याशी बसली. शिवलिंगप्पांनी तिला विचारले, कारकुनांना हे माहीत होते का? तिने माझ्याकडे पाहिले. मी दौतीकडे बघत होतो.

"मास्तर आत कदी आलंच न्हाईत," ती म्हणाली.

शिवलिंगप्पा निष्ठुर माणूस नव्हते. पण ते म्हणाले, याला सोडले तर उद्या उरलेल्या घरांत कोण काय करील सांगता येत नाही, आणि पुढचा माणूस मेला तर ते मंडळाच्या डोक्यावर. नियम मोडला आहे, घर परत घ्यावे लागेल. बाईंना गावी जायला गाडी आणि दोन महिन्यांचे धान्य मंडळाने द्यावे. कोणी विरोध केला नाही. राजाबाई उठली आणि तिने विचारले, पेवात अजून ज्वारी आहे, ती आमची का मंडळाची? कमिटीतले एक वकील शेवटी म्हणाले, "तुमचीच, बाई."

तेराव्यानंतर बिरप्पाचा भाऊ गाडी घेऊन आला. त्याने आणि मल्लप्पाने पेव आठवडाभर उघडे ठेवून ज्वारी काढली. वरची थोडी काळी पडली होती, बाकीची चांगली होती. त्याच पोत्यांवर दोन मुलींना बसवून राजाबाई मंगळवेढ्याकडे गेली. जाताना तिने दाराला कुलूप लावले आणि किल्ली मल्लप्पाच्या हातात दिली. मी ओळीच्या टोकाला उभा होतो. तिच्याशी बोलावे म्हणून आलो होतो. गाडी माझ्याजवळून गेली तेव्हा मी हात जोडले. ती बघत होती की नव्हती, कळले नाही. पुढे तिचे आणि मुलींचे काय झाले याची मी दोन-तीन वेळा चौकशी केली. मंगळवेढ्याहून येणाऱ्या माणसांना विचारताना मला गावाचे नाव सांगता येईना.

बाकीच्या अकरा घरांचे कागद त्या महिन्यात झाले. पेव भरायला सावडीचे अकराही गडी लागले, आणि नऊ दिवस गेले. मी रोज काठावर उभा राहून बघत होतो. वहीत पुन्हा एकदा 'पेव बुजविले' असे लिहिले. मग घर दुसऱ्या कुटुंबाला दिले. भले लोक होते. मंडळात मी आणखी सतरा वर्षे नोकरी केली.

त्या शुक्रवारचे आमचे बोलणे तेवढे सांगायचे राहिले. मी गेलो तेव्हा तो दारात चौकटीला टेकून उभा होता. ढगाळ हवेने मागच्या खोलीत काळोखच होता. मी म्हणालो, माफ करा, पण उद्या दुपारी कमिटी येणार आहे, घर आतून बघणार आहेत, मागची खोलीही. त्याने रस्त्याकडे पाहिले.

"किती जण येतील?"

"पाच असतील. मी धरून सहा."

"च्या द्यायचा का त्यास्नी? साखर न्हाय. गूळ हाय थोडा."

"गुळाचा चालेल," मी म्हणालो.

"बसा की जरा."

"नको, कचेरीत जायचंय."

"बरं. वाटंत चिखल हाय, कडंकडंनं जावा."